वाघोबाच्या राईतली बरणी

मंचर

एखादी वस्तू लपवून ठेवायची आणि मग तिचा पत्ता जगाला कळवायचा, हे आमच्या बाईजींना काही केल्या पटेना. "पत्ता द्यायचा होता तर लपवलं कशाला?" एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि माझा धाकटा दीर राजू त्याचं उत्तर जेवण होईपर्यंत देत बसला होता. शेवटी बाईजी म्हणाल्या, "बरं, तू म्हणतोस तर असेल," आणि ताट धुवायला उठल्या. आमच्या घरात याचा अर्थ पटलेलं नाही असाच होतो.

बाईजी म्हणजे माझ्या सासूबाई. मंचरला आमचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळचं मारवाडातलं, जैन. पण तीन-चार पिढ्या इथल्या पाण्यावर वाढल्या, त्यामुळे आता घरातली भांडणंसुद्धा मराठीतच होतात. राजू पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कंपनीने त्याला काही महिने अमेरिकेला धाडलं. येताना लोक अत्तरं आणतात, चॉकलेटं आणतात. ह्याने मुठीत मावेल एवढं पिवळं यंत्र आणलं. आकाशातले उपग्रह त्या यंत्राला आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते सांगतात, आणि पडद्यावरचा बाण आपल्याला जायचं असेल त्या दिशेला वळतो. तिकडे म्हणे लोक रानात डबे लपवतात, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतात, आणि दुसरे लोक सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन ते शोधत हिंडतात. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, आवडेल ती एक वस्तू उचलायची आणि बदल्यात आपली एक ठेवायची.

राजूने चौकातल्या सायबर कॅफेत बसून शोधलं, तर आमच्या भागातच दोन डबे निघाले. एक जुन्नरकडे, डिंगोऱ्याच्या अलीकडे. दुसरा आमच्याच आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वर, पार कड्याच्या तोंडाशी. कुणा पुण्याच्या ट्रेकरने ठेवले होते. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा फोनमध्ये नकाशे नव्हते आणि रस्ता विचारायला गाडी थांबवून काच खाली करावी लागे.

माझी मुलगी खुशबू तेव्हा पाचवीत होती. तिने बदल्यात ठेवायच्या वस्तूंची पिशवीसुद्धा भरून टाकली. आमच्या ह्यांचं, म्हणजे खुशबूच्या वडिलांचं, दुकान सोडून कुठे जायचं म्हटलं की डोकं दुखायला लागतं, पण बाईजी येणार म्हटल्यावर ह्यांचं काही चाललं नाही. बाईजींनी मात्र एक अट घातली: कार्तिकी पौर्णिमा होऊन जाऊ दे. चातुर्मासात सगळीकडे हिरवं उगवलेलं असतं, गवत, शेवाळ. त्यात जीव असतो, त्यावर पाय द्यायचा नाही हा त्यांचा नेम. दुसरा नेम बारमाही: सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. राजूने दोन्ही कबूल केलं. त्याच्या यंत्रात रोजच्या सूर्यास्ताची वेळही दिसते हे कळलं तेव्हा बाईजींना त्या वस्तूबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

डिंगोऱ्याच्या अलीकडे

शनिवारी पहाटे दुकानाच्या व्हॅनमधून निघालो. नारायणगाव गेलं, जुन्नर गेलं, शिवनेरी मागे पडला. थंडी नुकती सुरू झाली होती आणि शेतांवर धुरकट पडदा होता, त्यातून माणसं अर्धी अर्धी दिसायची. कुठे नुसतं मुंडासं चाललंय, कुठे नुसती बैलांची शिंगं. खुशबू यंत्र मांडीवर घेऊन बसली होती. बाण हळूच थरथरत असे आणि तिला वाटे की तो जिवंत आहे.

त्या बाणाने आम्हाला आधी डांबरी सोडायला लावली, मग गाडीवाट सोडायला लावली, आणि शेवटी एका वावराच्या बांधावर आणून उभं केलं. वावरात कांद्याचं रोप लावायचं काम चाललं होतं. बंडी-टोपीतले एक काका हातातलं काम टाकून आमच्याकडे आले, यंत्राकडे बघितलं आणि विचारलं, "काय पावणं, रोड कुटून जानार हाय?"

"कसला रोड?" राजू म्हणाला.

"आता मोजायला तुमी आला, आन् कसला म्हून मलाच इचारता व्हय?"

राजूने त्यांना सगळं सांगितलं. उपग्रह, अमेरिका, डबा, वही. काकांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आसंल. पर रोड आमच्या वावरातून नका नेऊ, राव. त्या अंगाला पड जमीन हाय, तिकडून न्या. म्या तुमाला काय बोलनार नाय."

बाण पुढे पुढे जाऊ म्हणत होता. काकाही आमच्याबरोबर निघाले, आपली जमीन कुठवर जाते यावर नजर ठेवायला. आणि बाण जिथे गोल फिरून थांबला तिथे एक नवी कोरी विहीर होती. काठावर फोडलेल्या दगडांचे ढीग अजून तसेच होते. डबा ज्या खडकाच्या कपारीत होता तो खडकच आता जगात नव्हता. राजू काठावर ओणवा होऊन खालच्या हिरव्या पाण्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मला ती कल्पना फार आवडली, की आकाशातून अजूनही कुणीतरी बोट दाखवतंय आणि तिथे आता नुसतं पाणी आहे. खुशबूला आवडली नाही. ती रडली.

काकांनी तिला बघितलं आणि घरातून भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं आणलं. जेवायचा आग्रह झाला, तेव्हा आम्हाला कांदा, लसूण, बटाटा चालत नाही हे निघालं. काका विचारात पडले. "जिमिनीखालचं चालत नाय म्हनता, मंग शेंगा कशा चालत्यात?"

आम्ही सगळे बाईजींकडे बघायला लागलो. हा प्रश्न मलाही लग्न झाल्यापासून पडलेला होता.

"शेंग वाळते," बाईजी शांतपणे म्हणाल्या. "बटाटा वाळत नाही."

काकांनी हातातली शेंग फोडली. "खरंय. कांदा बी वाळत नाय. सडतो मातुर." मग ते स्वतःशीच हसले आणि आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आले. निघताना राजूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेवडं रोडचं बगा."

त्या दिवशी दिवस बराच वर असताना आम्ही मंचरला परत आलो आणि बाईजींचं जेवण घरीच, वेळेवर झालं.

पाण्याच्या कडेने

रविवारी उलट्या बाजूला निघालो. घोडेगाव गेलं आणि डोंगर जवळ यायला लागले. डिंभ्याच्या पुढे रस्ता धरणाच्या पाण्याला धरून वळणं घेतो. पाणी काठोकाठ होतं आणि इतकं स्थिर होतं की डोंगर खाली कुठे संपतो आणि पाण्यातला कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. वाळत आलेलं सोनेरी गवत, वर फिकट आभाळ, मधूनच एखादी होडी. गाडीचा आवाजसुद्धा मला दुरून आल्यासारखा वाटायला लागला.

बाण सगळा वेळ पाण्यावरून पलीकडे दाखवत होता. त्याला रस्त्याची पर्वा नव्हती.

"इथे खाली आंबेगावचा बाजार भरायचा," बाईजी एकदम म्हणाल्या. माझे सासरे तरुणपणी कापडाचे गठ्ठे घेऊन त्या बाजाराला येत असत. धरण झालं आणि तालुक्याला नाव देणारं गावच पाण्याखाली गेलं. बाईजींनी राजूला विचारलं, "तुझ्या यंत्रात खालचं गाव दिसतं का?"

"नाही, बाईजी. यात रस्तेपण दिसत नाहीत."

"मग दिसतं काय?"

"आपण कुठे आहोत ते."

"ते मला दिसतंय," बाईजी म्हणाल्या आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागल्या.

मलाही मग तो बाजार दिसायला लागला. पाण्याच्या तळाशी पालं ठोकलेली, तराजू टांगलेले, सासरे उकिडवे बसून खण मोजतायत, आणि सगळं अगदी सावकाश, आवाज न करता. मला डुलकी लागली असावी. जागी झाले तेव्हा रस्ता चढून वर आला होता आणि डांबर संपलं होतं.

त्या वाडीचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे कळेल. भाताची कापणी होऊन गेली होती, खाचरात नुसते खुंट उरले होते आणि घरोघरी अंगणात पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. पहिल्याच घराशी गाडी लावली. घर ठकूबाईंचं. पन्नाशीच्या, किडकिडीत, डोईवर पदर घट्ट खोचलेला. घरात एकट्याच होत्या. दावणीला एक बैल आणि एक रिकामा खुंटा होता.

"मालक गाय हुडकाय गेल्यात," त्यांनी सांगितलं. "आमची कपिली. दोन-तीन रोज झालं, रानातून आलीच न्हाई. गाभन हाय वो. दिस भरत आल्यात."

बाईजींनी लगेच विचारलं, "इकडे वाघ आहे का?"

"बिबट्या हाय. कुटं न्हाई त्यो?" ठकूबाई रिकाम्या खुंट्याकडे न बघता बोलत होत्या. कपिलीची आई मेली तेव्हा ती एवढीशी होती, आणि ठकूबाईंनी तिला चिंधी दुधात बुडवून चोखायला देऊन जगवली होती. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा मुंबईला, घरात हाक मारायला ती एकच राहिली होती असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी परतताना इथेच जेवायचं ठरलं. कांदा नको, लसूण नको म्हटल्यावर ठकूबाईंनी हनुवटीला बोट लावलं. "नाचनीची भाकर करते आन् उडदाचं घुटं, बिनलसनाचं. कसं लागंल ते मला इचारू नका."

राई

वर जायला तासभर तरी लागला असेल, मी मोजलं नाही. उन्हात गवत चमकत होतं आणि वारा आला की सगळा उतार एका अंगाला कलायचा. माथ्याच्या अलीकडे एका घळीत काळीशार झाडी दिसली. बाकीचा डोंगर बोडका आणि तेवढाच तुकडा गर्द. बाण सरळ तिच्यात शिरत होता.

आत पाय ठेवला आणि दिवस बदलला. इतकी उंच झाडं की शेंडे दिसेनात. मांडीएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. बाहेर सगळं वाळलेलं असताना इथे ओल होती, दगडादगडावर हिरवं शेवाळ होतं. ते बघून बाईजी उंबरठ्यावर थांबावं तशा थांबल्या.

"तुम्ही जाऊन या. मी इथे माळ जपते," त्या म्हणाल्या आणि बाहेर उन्हातल्या दगडावर बसल्या. आम्हाला अडवू शकेल असं एकच माणूस आमच्यात होतं आणि ते बाहेर राहिलं.

राईत यंत्र गोंधळलं. पानांच्या छपरातून उपग्रहांचं काही ऐकू येईना, बाण वेड्यासारखा इकडून तिकडे फिरायला लागला. राजूने शेवटी ते खिशात घातलं. मग आम्ही चौघं आपापल्या वाटेने नुसते बघत हिंडत राहिलो. खरं सांगायचं तर डबा सापडला नसता तरी मला चाललं असतं. वरून पान गळायचं आणि जमिनीवर यायला इतका वेळ लावायचं की मी एकेका पानापाशी थांबत होते.

"सापडला," खुशबू हळूच म्हणाली. तीसुद्धा त्या जागेत ओरडली नाही.

झाडाच्या बुंध्याशी एक दगड उभा होता. त्यावर वाघ कोरलेला, झिजून झिजून मांजराएवढा गरीब दिसणारा, अंगभर शेंदूर. वाघोबा. त्याच्या शेजारी रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी, लोणच्याची असते तशी. तिच्या झाकणालाही शेंदराचं बोट लावलेलं होतं. राजू म्हणाला की ठेवणाऱ्याने ओळखू येऊ नये म्हणून रंग दिला असेल, आणि आम्हाला ते पटलं. शहाण्या माणसांना काय पटेल ते सांगता येत नाही.

बरणीत वही होती, पेन्सिल होती, परदेशी नाणं, छोटी मोटार, गोट्या, किल्ल्यांचं कडं. आणि तळाशी एक घंटी, दोरीत ओवलेली, हाताळून गुळगुळीत झालेली. आम्ही वहीत सगळ्यांची नावं लिहिली, बाईजींचंसुद्धा. खुशबूने घंटी उचलली आणि बदल्यात आपली नवी फुलाफुलांची केसांची क्लिप ठेवली. सौदा तिच्या मते अगदी बरोबरीचा होता.

उतरताना सगळी वाट तिने ती घंटी वाजवली. आवाज मोठा नव्हता, पण खोल होता, आणि समोरच्या डोंगराला लागून थोडा उशिरा परत यायचा. खाली धरणाचं पाणी एका बाजूने तांबूस होत होतं. बाईजी पुढे चालत होत्या, त्यांना वाटलं आम्ही हे खेळणं घरूनच आणलंय. मी त्या आवाजाच्या तालावर पाय टाकत होते आणि आयुष्यात कुठे पोचायचंच नाहीये असं मला वाटत होतं.

ठकूबाईंचं अंगण

वाडीच्या वरच्या खाचराशी आलो आणि ठकूबाई घरातून पळत बाहेर आल्या. दोन्ही हात नाचणीच्या पिठाने भरलेले, पदर सुटलेला. "आली गं बया, आली माझी," म्हणत त्या थेट आमच्या अंगावरच आल्या आणि आमच्या मधून पलीकडे गेल्या. वाटेकडे बघितलं. वाट रिकामी होती. मग त्या वळल्या आणि खुशबूच्या हातात घंटी दिसली.

खुशबू अजून वाजवतच होती. मी तिचा हात धरला तेव्हा ती थांबली.

"ही तुमास्नी कुटं घावली?" ठकूबाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

राजूने सांगितलं, वर राईत, बरणीत. मग ठकूबाईंनी जे सांगितलं ते असं. कपिलीची ही रोजची घंटी. दोर झिजला म्हणून चार दिवसांपूर्वीच काढून ठेवली होती, आणि नेमकी तेव्हाच गाय हरवली. इकडची रीत अशी, की गाय-गुरू हरवलं की त्याची घंटी वाघोबापुढे ठेवायची. म्हणजे वाघोबाला कळतं की हे गुरू कुणाचंतरी आहे. ती बरणी कुणीतरी देवाला वाहिली असं वाडीने धरलं होतं. पावसापाण्याचं बरं म्हणून घंटी तिच्यात ठेवली होती.

"गुरू घरला आलं का मंगच घंटी काडायची. मधी काडत न्हाईत," त्या म्हणाल्या.

"मध्ये काढली तर?" मी विचारलं.

"मंजी आमी तिला सोडलं. वाघोबाला सांगितलं, का ने."

खुशबूने घंटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, ती वाजू नये म्हणून.

"आम्हाला माहीत नव्हतं हो," हे म्हणाले. "चुकून झालं."

"तुमचं चुकलं आसं मी कुटं म्हनते. पर त्येला कसं कळावं, कुनी काडली?"

राजू लगेच निघाला. "द्या, मी पळत जाऊन ठेवून येतो. बाईजी, तुम्ही जेवून घ्या." ऊन कड्यामागे गेलं होतं, पण यंत्राच्या हिशेबाने सूर्य मावळायला थोडा अवकाश होता. चुलीवर भाकरी फुगलेली दिसत होती. बाईजींनी सकाळपासून वाटीभर मुरमुऱ्यांशिवाय काही खाल्लं नव्हतं. आता नाही खाल्लं तर उद्या सकाळपर्यंत पाण्याचा घोटही नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ठकूबाई संकोचून म्हणाल्या, "तसं नाय चालत, भाऊ. ज्येच्या घरचं चुकलं त्येच्या घरच्या थोरल्या मानसानं ठेवाया लागती."

"मग मी जातो. मी थोरला," हे म्हणाले.

"मी असताना तू कसला थोरला?" बाईजी म्हणाल्या. त्यांनी माळ कनवटीला खोचली आणि खुशबूच्या हातातून घंटी घेतली. ठकूबाई भाकरीकडे बघून काहीतरी म्हणणार होत्या, पण बाईजी चालायला लागल्या होत्या.

आम्ही सगळेच मागोमाग निघालो. या वेळी घंटी कुणी वाजवत नव्हतं, पण बाईजींच्या चालीने ती मधूनच एकदा किणकिणायची आणि दर वेळी ठकूबाईंची मान वळायची. अर्ध्या वाटेवर धरणाचं पाणी काळं झालं. पश्चिमेला कड्याच्या कडेवर एक रेघ उरली, मग तीही विझली. बाईजींनी मागे वळून बघितलं नाही.

राईच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या. आत शेवाळलेल्या दगडांची वाट होती, ठकूबाईंनी पेटवलेल्या टेंभ्याच्या उजेडात ती ओली चमकत होती. जे हिरवं टाळायला बाईजींनी अख्खा चातुर्मास घराबाहेर पाय जपून टाकला, त्याच हिरव्यावर त्यांनी पाऊल ठेवलं. आणि प्रत्येक पावलाला त्या पुटपुटत होत्या, "मिच्छामि दुक्कडम्." माझ्याकडून दुखावला असशील तर क्षमा कर. संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, आम्ही सगळे एकमेकांना म्हणतो ते हे शब्द, बहुतेक तोंडदेखले. त्या शेवाळाला कुणी ते म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

वाघोबापुढे त्या बसल्या. बरणीचं झाकण उघडलं, घंटी आत ठेवली.

"म्हना," ठकूबाईंनी सांगितलं, "आमचं चुकलं. गाय आमाला पायजे."

"आमचं चुकलं," बाईजी म्हणाल्या. "गाय ह्यांची आहे. ह्यांना पाहिजे." थोडं थांबून त्यांनी स्वतःहून भर घातली, "तिच्या पोटात जीव आहे. दोन जीव आहेत."

खुशबूची क्लिप आत तशीच होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी ठकूबाईंकडे. त्यांनी मान हलवली. राईत ठेवलेलं राईतच राहतं, काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. खुशबूने हट्ट केला नाही.

वाडीत परतलो तेव्हा ठकूबाईंचे मालक अंगणात डोकं धरून बसले होते. गाय नव्हती. आम्ही चौघं जेवलो. घुटं छान होतं, पण घास फिरत होता. बाईजी ओसरीवर बसून होत्या आणि ठकूबाईही जेवल्या नाहीत. एक पाहुणी उपाशी असताना कशी जेवू, म्हणाल्या. दोघी शेजारी शेजारी बसून अंधाराकडे बघत राहिल्या. परतीच्या वाटेवर पाणी दिसत नव्हतं, नुसतं तिथे आहे हे कळत होतं. गाडीत बाईजींचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आलं होतं.

पुन्हा मंचर

राजूने इंटरनेटवर त्या ट्रेकरला कळवून ती जागा तिथून काढून टाकायला लावली. बरणी वाघोबाची झाली आहे, कुणी शोधायला जाऊ नये, एवढंच लिहिलं. मीही त्याचसाठी वाडीचं नाव गाळलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वाडीत फोन नव्हता. बाईजी काही बोलत नसत, पण दुकानात डोंगराकडचं कुणी गिऱ्हाईक आलं की त्या माजघरातून दाराशी येऊन उभ्या राहत. कपिली म्हणून कुणाची गाय सापडल्याचं ऐकलंत का, हे विचारायला त्यांची जीभ रेटत नसे. नाही असं उत्तर आलं असतं तर ते आमच्या घराने तिला दिलेलं मरण असतं. खुशबू रोज रात्री मला विचारायची आणि मी रोज म्हणायची, सापडली असेल. आम्हा तिघींपैकी कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता.

मग एका दुपारी एसटीतून उतरून ठकूबाई दुकानाची पायरी चढल्या. हातात किटली होती, तोंडाला फडकं बांधलेलं. मी गल्ल्यावर होते. त्यांनी किटली गादीच्या कडेला ठेवली आणि फडकं सोडलं. आत दाट, पिवळसर दूध होतं.

चीक होता. गाय व्याल्याशिवाय जगात चीक नसतो. मी तिथूनच हाक मारली तशा बाईजी धावत बाहेर आल्या.

"तुमी गेल्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिशी आपली आपन आली," ठकूबाई सांगत होत्या. "अंगावर वरखडा नाय. काल दावनीलाच व्याली. कालवड हाय. म्हनलं पयला चीक थोरल्या बाईंना."

मी बाईजींकडे बघितलं. आमच्या घरात चीक कधीच येत नाही. गाय व्याली की पहिले काही दिवस तिचं दूध वासराचं, ते माणसाने घ्यायचं नाही, असा आमचा धर्म सांगतो, आणि बाईजींनी जन्मात खरवसाला हात लावलेला नव्हता. मला तर लहानपणी शेजारच्या घरात तो चोरून खाल्ल्याबद्दल मार बसलेला आहे. आता ह्या माउलीला नाही कसं म्हणायचं, ते मला सुचेना.

बाईजी किटलीत बघत होत्या. "वासरू प्यालं?" त्यांनी विचारलं.

"पोट टम्म होस्तवर प्याली. पिऊन पिऊन आईच्या अंगावरच झोपली. मंग पिळला ह्यो, उरला त्यो."

बाईजींच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. खाली वाकून एका हाताने किटली उचलली, दुसऱ्या हाताने ठकूबाईंचं मनगट धरलं, आणि गिऱ्हाइकांच्या देखत त्यांना दुकानातून माजघरात, माजघरातून थेट आपल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात नेलं. मी मागे गेले तेव्हा गॅसवर पातेलं चढलं होतं, ठकूबाई पाटावर बसल्या होत्या, आणि बाईजी त्यांना विचारत होत्या, "ह्याच्यात गूळ किती घालतात हो?"